इनिटरॅमएफएस कर्नलच्या पोटात बसवायची असेल तर

प्रश्न असा आहे: एआरएम६४ बोर्ड, त्यावर यू-बूट (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा बूटलोडर), लिनक्स कर्नल स्वतः बांधलेला. बिझीबॉक्सची (अनेक लिनक्स आज्ञा एकाच फाइलीत देणारा प्रोग्राम) छोटी इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उलगडणारा फाइलींचा संच, वेगळी फाइल म्हणून न देता कर्नलच्या इमेजमध्येच घालायची आहे. कॉन्फिगमध्ये बिझीबॉक्सच्या इन्स्टॉल फोल्डरचा रस्ता दिला, कर्नल बांधला, पण बूट होताना «व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)» म्हणून पॅनिक येतो (कर्नल चूक सांगून थांबतो). लॉगमध्ये «अनपॅकिंग इनिटरॅमएफएस» ही ओळही दिसत नाही. म्हणजे ती आत बसलीच नाही का?

ती ओळ न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कर्नलच्या इनिट/इनिटरॅमएफएस.सी या फाइलमध्ये आधी आतलं अर्काइव्ह उलगडलं जातं, आणि ते गुपचूप. «अनपॅकिंग इनिटरॅमएफएस» हा संदेश त्यानंतर, बूटलोडरने बाहेरून काही दिलं असेल तरच छापला जातो. चुकांनाही दोन न्याय आहेत. बाहेरचं अर्काइव्ह बिघडलेलं असेल तर कर्नल «इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड» एवढं सांगून पुढे जातो. आतलं बिघडलेलं असेल तर तिथेच पॅनिक करतो. तुमचा कर्नल रूट (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट करण्यापर्यंत पोहोचला, म्हणजे आतलं अर्काइव्ह नीट उलगडलं. फक्त त्यात त्याला हवी ती फाइल नव्हती.

ती फाइल म्हणजे /इनिट. अगदी मुळाशी, याच नावाची. /एसबिन/इनिट चालत नाही. कर्नल /इनिट शोधतो. मिळाली तर तीच पहिली प्रोसेस म्हणून चालवतो आणि रूट माउंट करण्याच्या भानगडीत स्वतः पडत नाही. मिळाली नाही तर जुन्या वाटेने जातो: रूट= मध्ये दिलेलं डिव्हाइस माउंट करायला बघतो, ते नसतं, आणि वरचा पॅनिक येतो. /एसबिन/इनिट शोधण्याची पाळीच येत नाही.

बिझीबॉक्सचं «मेक इन्स्टॉल» जे _इन्स्टॉल फोल्डर बनवतं, त्यात बिन, एसबिन, यूएसआर आणि लिनक्सआरसी नावाची एक लिंक असते. लिनक्सआरसी ही जुन्या इनिटआरडी (रॅममधली डिस्क इमेज) काळातली सोय आहे. इनिटरॅमएफएसला लागणारी /इनिट त्यात नसते, आणि तुमचं घोडं बहुधा तिथेच अडलं आहे. खात्री एका मिनिटात होते: कर्नल कमांड लाइनला «आरडीइनिट=/एसबिन/इनिट» जोडून बूट करा. बूट पुढे सरकलं तर निदान पक्कं. कायमचा उपाय मात्र स्वतःची /इनिट लिहिणं हाच. (खालच्या आज्ञा, रस्ते आणि कॉन्फिगची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

आता मुळापासून. इनिटरॅमएफएस म्हणजे डिस्क इमेज नव्हे. ते सीपीआयओ अर्काइव्ह असतं, न्यूसी प्रकारचं. प्रत्येक फाइलच्या आधी ११० बाइटांचा हेडर, त्याची सुरुवात ०७०७०१ या अंकांनी, आणि शेवटी «ट्रेलर!!!» नावाची खोटी नोंद. कर्नल हे रॅममधल्या रूटएफएसवर उलगडतो. २.६ मालिकेपासून प्रत्येक कर्नल बांधताना असं एक अर्काइव्ह आत जातंच. तुम्ही काही दिलं नाही तर यूएसआर/डीफॉल्ट_सीपीआयओ_लिस्ट मधल्या तीन नोंदी जातात: /डेव्ह, /डेव्ह/कन्सोल आणि /रूट. म्हणजे नवीन काही जोडायचं नसतं, आधीपासून असलेल्या रिकाम्या डब्यात सामान भरायचं असतं.

कॉन्फिगमध्ये दोन गोष्टी पुरतात: कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_इनिटआरडी चालू, आणि कॉन्फिग_इनिटरॅमएफएस_सोर्स मध्ये सामानाचा पत्ता. पत्ता तीन तऱ्हांनी देता येतो: तयार सीपीआयओ फाइल, फोल्डर, किंवा यादीची फाइल. फोल्डर आणि याद्या मधे जागा सोडून एकत्र देता येतात. तयार अर्काइव्ह मात्र एकटंच द्यावं लागतं. रस्ता नेहमी पूर्ण द्या. वेगळ्या आउटपुट फोल्डरमध्ये बांधताना सापेक्ष रस्ते घोळ घालतात.

नुसता फोल्डर देण्यात दोन खड्डे आहेत. पहिला: फोल्डर दिला की ती मूळ तीन नोंदींची यादी वापरली जात नाही, आणि साध्या युजरने बनवलेल्या फोल्डरमध्ये डिव्हाइस नोड नसतात. मग /डेव्ह/कन्सोल गायब होतं आणि «वॉर्निंग: अनेबल टू ओपन अॅन इनिशियल कन्सोल» येतं. /इनिट चालते, पण तिचं एक अक्षरही स्क्रीनवर दिसत नाही, आणि माणूस कर्नल गोठला असं समजून भलतीकडेच शोधत बसतो. डेव्हटीएमपीएफएस (डिव्हाइस नोड आपोआप बनवणारी फाइल सिस्टिम) स्वतःहून माउंट करण्याचा पर्याय इथे कामाला येत नाही, कारण तो इनिटरॅमएफएसला लागू नाही. दुसरा खड्डा: फाइलींची मालकी तुमच्या १००० नंबरच्या युजरकडेच राहते. त्यासाठी कॉन्फिग_इनिटरॅमएफएस_रूट_यूआयडी आणि _जीआयडी दोन्ही -१ करा, म्हणजे चालू युजरच्या फाइली अर्काइव्हमध्ये रूटच्या होतात.

म्हणून यादीची फाइलच उत्तम. त्यात रूटचे अधिकार लागत नाहीत, आत काय जातंय ते ओळीओळीने दिसतं, आणि ती गिटमध्ये ठेवता येते:

डिर /डेव्ह ०७५५ ० ०
नॉड /डेव्ह/कन्सोल ०६०० ० ० सी ५ १
डिर /प्रॉक ०७५५ ० ०
डिर /सिस ०७५५ ० ०
डिर /बिन ०७५५ ० ०
डिर /नवा ०७५५ ० ०
फाइल /बिन/बिझीबॉक्स /होम/काम/बिझीबॉक्स ०७५५ ० ०
एसलिंक /बिन/एसएच बिझीबॉक्स ०७७७ ० ०
फाइल /इनिट /होम/काम/इनिट.एसएच ०७५५ ० ०

क्रम महत्त्वाचा आहे. कर्नलचा उलगडणारा कोड अगदी साधा आहे, आधी न आलेलं फोल्डर तो स्वतः बनवत नाही. /बिन ची ओळ /बिन/बिझीबॉक्सच्या खाली गेली तर ती फाइल अर्काइव्हमध्ये असूनही रूटएफएसवर येत नाही. हाताने सीपीआयओ बनवणाऱ्यांना हाच फटका फाइंडच्या -डेप्थ पर्यायामुळे बसतो. सीपीआयओच्या मॅन्युअलमध्ये तो वापरा असं म्हटलंय, पण त्याने फोल्डर फाइलींच्या नंतर येतात. इनिटरॅमएफएससाठी तो कधीही लावू नका. आणि «-एच न्यूसी» विसरू नका, तो नसेल तर जुन्या प्रकारचं अर्काइव्ह तयार होतं आणि कर्नल ते ओळखत नाही.

बिझीबॉक्स स्टॅटिक (लायब्ररी आतच घेऊन) बांधा, आणि एआरएम६४ च्या क्रॉस कंपायलरने. फाइल कमांडच्या उत्तरात «स्टॅटिकली लिंक्ड» आणि बरोबर आर्किटेक्चर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. आकार महत्त्वाचा असेल तर ग्लिबसीऐवजी मसल (दोन्ही सी लायब्ररी) वापरा. शिवाय ग्लिबसीशी स्टॅटिक जोडलेल्या प्रोग्रामला होस्टचं नाव शोधताना तरीही शेअर्ड लायब्ररी लागतात, मसलला ती अडचण नाही.

/इनिट अशी:

#!/बिन/एसएच
/बिन/बिझीबॉक्स --इन्स्टॉल -एस /बिन
माउंट -टी प्रॉक प्रॉक /प्रॉक
माउंट -टी सिसएफएस सिसएफएस /सिस
माउंट -टी डेव्हटीएमपीएफएस डेव्हटीएमपीएफएस /डेव्ह
एन=०
व्हाइल [ ! -बी /डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२ ] && [ $एन -एलटी ५० ]; डू
  स्लीप ०.१; एन=$((एन+१))
डन
इफ माउंट -ओ आरओ /डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२ /नवा; देन
  यूमाउंट /प्रॉक /सिस
  माउंट --मूव्ह /डेव्ह /नवा/डेव्ह
  एक्झेक स्विच_रूट /नवा /एसबिन/इनिट
फाय
एक्झेक सेटसिड सीटीटीवायहॅक एसएच

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. यादीत आपण फक्त एसएचची लिंक दिली आहे, माउंटची नाही. त्यामुळे बिझीबॉक्सकडून बाकीच्या लिंक आधी बनवून घ्याव्या लागतात. शेवटी /बिन मुद्दाम लिहिलं आहे. ते नसेल तर बिझीबॉक्स /एसबिन, /यूएसआर/बिन अशा आपल्या ठरलेल्या जागी लिंक टाकायला जातो, आणि ते फोल्डर इथे नाहीत. वाट बघणारं चक्रही हवंच, कारण एसडी कार्ड सापडायला वेळ लागतो. /इनिट असली की कमांड लाइनवरचे रूट=, रूटवेट आणि इनिट= हे पर्याय कर्नल स्वतः अमलात आणत नाही. ते हवे असतील तर /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून तुमच्या स्क्रिप्टनेच पाळायचे.

एक्झेक हा शब्द दोन्ही ठिकाणी टाळता येणार नाही. स्विच_रूटची अट असते की आपण पीआयडी १ (पहिली प्रोसेस) असलं पाहिजे. आणि /इनिट नुसती शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन संपली तर «अटेम्प्टेड टू किल इनिट!» म्हणून पॅनिक येतो. त्यापुढचा एक्झिटकोड वाचायची सवय लावा: ०एक्स०००००१०० म्हणजे स्क्रिप्ट १ देऊन संपली, ०एक्स००००७एफ०० म्हणजे १२७, अर्थात कमांड सापडली नाही, आणि ०एक्स०००००००बी म्हणजे सेगफॉल्ट. पिव्हट_रूट इथे चालत नाही. रूटएफएस कधीच अनमाउंट होत नसल्याने स्विच_रूट जुन्या फाइली पुसून नवं माउंट वर सरकवतं. सीटीटीवायहॅक शेलला खरा टर्मिनल मिळवून देतं, तो नसेल तर «जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ» येतं आणि कंट्रोल-सी चालत नाही.

आता सगळ्यात कळकळीचं सांगणं: पहिल्याच दिवशी आत बसवू नका. हेच अर्काइव्ह आधी बाहेरून द्या. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये -इनिटआरडी पर्यायाने, बोर्डवर यू-बूटच्या बूटी आज्ञेच्या दुसऱ्या जागी. स्क्रिप्टमध्ये एक स्वल्पविराम बदलला की कर्नल पुन्हा लिंक करून कार्डवर टाकायचा, हा खेळ फार वेळ खातो. शिवाय चूक स्क्रिप्टची, कर्नलची की इमेज कॉपी करण्याची हे कळेनासं होतं. बाहेरून दहा वेळा नीट बूट झालं की मगच सोर्सची ओळ भरा. जे चाललं तेच आत जातं, आणि त्यानंतर काही बिघडलं तर दोष फक्त बसवण्यातलाच असू शकतो.

बसवल्यावर बूट करण्याआधी आत काय गेलं ते बघा. अलीकडच्या कर्नलमध्ये यादी किंवा फोल्डर दिला की यूएसआर/इनिटरॅमएफएस_डेटा.सीपीआयओ ही फाइल तयार होते. «सीपीआयओ -आयटीव्ही» तिच्यावर चालवा. यादीत «इनिट» थेट दिसलं पाहिजे. «रूटएफएस/इनिट» असं दिसलं तर तुम्ही एक पायरी वरचा फोल्डर दिला आहे. फाइलीत नुसत्या तीनच नोंदी असतील तर सोर्सची ओळ कॉन्फिगमधून उडाली आहे. ओल्डडेफकॉन्फिग चालवल्यानंतर, किंवा चुकून दुसऱ्या आउटपुट फोल्डरची कॉन्फिग बदलल्यामुळे असं होतं. यादी बरोबर आहे तरी बोर्डवर जुनंच वागणं दिसत असेल तर कार्डवरच्या इमेजची तारीख तपासा. सामानातली फाइल बदलली तर मेक क्लीनची गरज नाही, नुसतं मेक चालवा. बांधणी अवलंबित फाइलींवर लक्ष ठेवते.

/इनिट सापडली पण चालली नाही तर वेगळा संदेश येतो: «फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट», आणि पुढे एरर नंबर. -२ आला तर फाइल हरवलेली नसते, तिला लागणारं काहीतरी हरवलेलं असतं: पहिल्या ओळीतलं /बिन/एसएच, किंवा डायनॅमिक लिंक केलेल्या प्रोग्रामचा लोडर. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी सीआर (कॅरेज रिटर्न) चिकटलेला असतो, त्यामुळेही -२ येतो, कारण कर्नल «/बिन/एसएच» आणि त्यामागचं ते अदृश्य अक्षर मिळून एक नाव समजतो. -८ म्हणजे चुकीचं आर्किटेक्चर, किंवा कॉन्फिग_बिनएफएमटी_स्क्रिप्ट बंद. टायनीकॉन्फिगवरून (सगळ्यात छोटी कॉन्फिग) सुरुवात करणाऱ्यांना हा हमखास भेटतो. -१३ म्हणजे एक्झिक्यूटचा अधिकार नाही. इथे एक फसवी गोष्ट घडते. /इनिट चालली नाही तर कर्नल /एसबिन/इनिट, /इटीसी/इनिट, /बिन/इनिट आणि शेवटी /बिन/एसएच करून बघतो. आपल्या अर्काइव्हमध्ये /बिन/एसएच आहे, म्हणून पॅनिकऐवजी थेट शेल मिळतो. प्रॉक माउंट नाही, सिस नाही, डेव्हमध्ये एकटं कन्सोल. असा ओकाबोका शेल दिसला की लॉग वर सरकवून -१३ शोधा.

कॉम्प्रेशन कोणतं निवडायचं हे आर्किटेक्चरवर ठरतं. एक्स८६ चा बीझेडइमेज स्वतःच कॉम्प्रेस्ड असतो, त्याच्या आत आधीच कॉम्प्रेस केलेलं अर्काइव्ह पुन्हा दाबून फारसं काही मिळत नाही. तिथे इनिटरॅमएफएस_कॉम्प्रेशन_नन निवडलं तर कर्नलबरोबर सगळं एकदाच दाबलं जातं, आणि बहुधा तेच लहान होतं. एआरएम६४ वर चित्र उलटं आहे. तिथली साधी इमेज फाइल स्वतःला उलगडत नाही, त्यामुळे नन निवडलं तर अर्काइव्हचं पूर्ण वजन इमेजवर येतं. तुमच्यासाठी झेडएसटीडी चांगला तोल साधतो (कर्नल ५.९ पासून उपलब्ध). फ्लॅश अगदीच तोकडी असेल तर एक्सझेड, बूटचा वेळ मोजत असाल तर एलझेड४.

स्वतः दाबलेली .सीपीआयओ.एक्सझेड सारखी फाइल दिली तर कर्नल ती तशीच आत ठेवतो, पुन्हा दाबत नाही. मग कॉन्फिग_आरडी_एक्सझेड चालू असल्याची खात्री करा. एक्सझेड आज्ञा मुळात सीआरसी६४ लावते आणि कर्नलच्या उलगडणाऱ्या कोडला ते समजत नाही, म्हणून «--चेक=सीआरसी३२» द्यावंच लागतं. एलझेड४ चंही तसंच: जुनी मांडणी लागते, म्हणून -एल पर्याय.

आकार वाढला की पुढची ठेच यू-बूटमध्ये लागते. कर्नल_एडीडीआर_आर आणि एफडीटी_एडीडीआर_आर (कर्नल आणि डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन, मेमरीत जिथे ठेवतात ते पत्ते) यांच्यामधलं अंतर मोजा. समजा कर्नल ०एक्स८००८०००० वर आणि डिव्हाइस ट्री ०एक्स८३०००००० वर आहे. मधे ४७.५ एमबी जागा झाली. २८ एमबीच्या कर्नलमध्ये २५ एमबीचं अर्काइव्ह घातलं की इमेज डिव्हाइस ट्रीवर चढते. परिणाम म्हणजे «स्टार्टिंग कर्नल ...» नंतर निव्वळ शांतता. फाइलीचा आकारच नव्हे, बीएसएसही (कर्नलचा शून्याने भरलेला डेटा) धरायचा असतो, तो फाइलीत दिसत नाही. डिव्हाइस ट्रीचा पत्ता वर सरकवा. बूटएम वापरत असाल तर «इमेज टू लार्ज: इन्क्रीज कॉन्फिग_सिस_बूटएम_लेन» येऊ शकतं. त्याचा उपाय संदेशातच लिहिलेला आहे, पण त्यासाठी यू-बूट पुन्हा बांधावा लागतो.

रॅमचाही हिशेब ठेवा. उलगडताना दाबलेलं अर्काइव्ह आणि उलगडलेल्या फाइली काही काळ दोन्ही मेमरीत असतात. आतलं अर्काइव्ह कर्नलच्या इनिट भागात असतं, त्यामुळे ती जागा नंतर मोकळी होते. «फ्रीइंग अनयूज्ड कर्नल मेमरी» पुढचा मोठा आकडा त्याचाच. कमांड लाइनवर रूट= नसेल आणि टीएमपीएफएस चालू असेल तर रूटएफएस टीएमपीएफएस बनतो, आणि त्याची मर्यादा रॅमच्या निम्मी असते. ६४ एमबीच्या बोर्डवर ४० एमबी उलगडायला गेलात तर मधेच «राइट एरर» येईल. «रूटएफएसटाइप=रॅमएफएस» दिलं की मर्यादा जाते. अर्थात त्याबरोबर रॅम भरून जाण्यापासूनचं संरक्षणही जातं.

मॉड्यूल आत ठेवायचे असतील तर कोंबडी आधी की अंडं असा पेच आहे: मॉड्यूल कर्नलबरोबर तयार होतात, आणि ते तयार झाल्याशिवाय अर्काइव्ह पूर्ण होत नाही. म्हणून दोनदा बांधायचं. आधी मेक, मग «मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल» इन्स्टॉल_मॉड_पाथ देऊन (सोबत इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१, त्याने डीबग माहिती निघून आकार बराच उतरतो), मग पुन्हा मेक. दुसऱ्या वेळी फक्त अर्काइव्ह आणि शेवटचं लिंकिंग होतं. या दोन मेकच्या मधे गिटमध्ये कमिट करू नका. लोकलव्हर्जन_ऑटो चालू असेल तर आवृत्तीचं नाव बदलतं आणि आतले मॉड्यूल आपल्याच कर्नलला परके होतात. बिल्डरूट आणि योक्टो ही बांधणीची साधनं हे काम स्वतः करतात. योक्टोमध्ये इनिटरॅमएफएस_इमेज मध्ये इमेजचं नाव आणि सोबत इनिटरॅमएफएस_इमेज_बंडल = "१" एवढं पुरे. पण जमत असेल तर रूट डिस्कपर्यंत पोहोचवणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच पक्के बांधा, हा सगळा फेरा वाचतो. त्यांना फर्मवेअर लागत असेल तर ते आतल्या अर्काइव्हमध्ये /लिब/फर्मवेअर खाली ठेवा. अर्काइव्ह ड्रायव्हरांच्या आधी उलगडायला घेतलं जातं, म्हणून त्यांना ते मिळतं.

सही केलेली इमेज बूट करण्यासाठी हे करत असाल तर आणखी एक भोक बुजवावं लागेल. बूटलोडरने बाहेरून इनिटआरडी दिली तर ती आतल्या अर्काइव्हच्या नंतर, त्याच्यावरच उलगडते, आणि तिच्यातली /इनिट तुमच्या /इनिटची जागा घेते. म्हणजे कर्नलची सही बरोबर असूनही चालणारं पहिलं स्क्रिप्ट परकं असू शकतं. कॉन्फिग_इनिटरॅमएफएस_फोर्सने बाहेरची इनिटआरडी दुर्लक्षित होते. हा पर्याय कमांड लाइन कर्नलमध्ये पक्की केली किंवा वाढवली असेल तरच मेनूत दिसतो. पक्कीच करा, नाहीतर कुणीही आरडीइनिट=/बिन/एसएच लिहून शेलमध्ये शिरेल. आणि डिस्क उघडण्याची किल्ली अर्काइव्हमध्ये ठेवू नका. सही बदल पकडते, वाचणं थांबवत नाही, आणि इमेज हाती असलेला माणूस अर्काइव्ह दोन मिनिटांत बाहेर काढतो.